पत्रकातली तिसरी ओळ

चांगलं काम करताना तुम्ही कधी कुणाचं पाणी तोडलंय? मी तोडलंय, तेही पत्रक छापून.

पत्रकांवरच मी वाढले. तेलुगू मुलखातल्या आमच्या तारनाक्याच्या घरात बाबांच्या चळवळीची पत्रकं जेवणाच्या टेबलावरही असत. आमटी सांडली तर आधी कागद उचलायचे, मग ताट. त्यामुळे आम्ही मित्रमैत्रिणींनी आंध्रच्या एका आडबाजूच्या किनाऱ्याची सफाई करायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मीच लिहिलं. मराठीत आणि तेलुगूत. तिसरी ओळ होती, ‘वाळूवरच्या वेली उपटा, किनारा मोकळा करा.’

तिथे हॉटेल नव्हतं, रस्ताही नव्हता. लाटांपाशी ओल्या, टणक वाळूत काळे-तांबडे पट्टे होते. नद्यांनी डोंगरांतून आणलेले जड कण तिथेच राहतात, हलकी वाळू वारा आत नेतो. ती वेलींत अडून अडून तिचं माणसापेक्षा उंच टेकाड झालं होतं, मर्यादवेलीने घट्ट विणलेलं. टेकाडामागे मासळी सुकवणाऱ्या एका म्हातारीची झोपडी आणि विहीर. समुद्र हाकेवर, पण पाणी गोड.

ती तेलुगूत म्हणाली, “घरी आई झाडायला लावत नाही का गं? एवढ्या लांब आलीस झाडायला!”

“अम्मा, कचरा काढतोय.”

“बाटल्या न्या. वेलीला हात लावू नका. तिनेच वाळू धरलीय.”

मी तिच्या हाती पत्रक दिलं. तिने त्यात दोन सुके मासे बांधून मलाच परत दिले. आम्ही हसलो, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या झोपडीसमोरचा उतार साफ उघडा केला. फोटो छान आले.

पावसाळा सरता सरता वादळ आलं. टेकाड नेमकं तिथेच फुटलं आणि समुद्र आत शिरला. पावसाचं गोडं पाणी अशा टेकाडाखाली साठून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हे मी त्यानंतर वाचलं.

पुढच्या वर्षी गेले तेव्हा म्हातारीने विहिरीतून तांब्या भरून पुढे केला.

“पी. स्वच्छ आहे.”

मी प्यायले. मीठ. आता ती दोन घागरी घेऊन पलीकडच्या वस्तीपर्यंत चालते.

ते पत्रक अजून फिरतंय. परवा आमच्याच शहरात, दिलसुखनगरला एका क्लासच्या भिंतीवर दिसलं. तुमच्या हाती आलं तर फाडू नका. तिसऱ्या ओळीवर काट मारा, खाली ‘वेलीला हात लावू नका’ असं लिहा आणि पुढे द्या.