सुटलेलं टोक

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला सुटलेलं टोक बघवत नसे. दोर कुणाचाही असो, टोकाचे पेड विसकटलेले दिसले की तो हातातली चिलीम खाली ठेवायचा. अंबाडीची ओली सुतळी टोकाला गुंडाळायची, दातानं आवळायची आणि म्हणायचं, "आता मरंपत्तोर उसवत न्हाई." बोलता बोलता समोरच्याच्या उपरण्याच्या दशाही तो वळून बांधून टाकी. त्याचे हात त्याला विचारत नसत.

एकदा तेलगावच्या चावडीत निजामाच्या महसुलाचा गिरदावर बाजेवर बसून आम्हाला दरडावत होता. ऐन पेरणीत त्याला आमचे बैल वेठीला हवे होते. म्हातारा त्याच्या मागं, जमिनीवर मान खाली घालून बसलेला. कुणीतरी "न्हाई" म्हणालं, तसा गिरदावर चाबूक उगारून ताडकन उठला. फेटा मात्र बाजेवरच राहिला. पाठीवर लोंबणाऱ्या शेमल्याचं टोक बाजेच्या दोरीला पक्कं बांधलेलं होतं!

ते तुळतुळीत डोकं बघून सगळी चावडी फिदीफिदी हसली.

"सरकार, टोक लई सुटलं व्हतं," म्हातारा हात जोडून म्हणाला.

गाठ काही कुणाला सुटेना. शेवटी गिरदावर डोक्यावर हातरुमाल टाकून घोड्यावर बसला आणि निघाला. बैलांचं राहूनच गेलं.

पुढं मी विचारलं, "आबा, ते खरंच चुकून झालं का?"

त्यानं माझ्या सदऱ्याचा लोंबता दोरा बोटाला गुंडाळला.

"कामून इचारतो रं? तुजंबी टोक सुटलंय."

तेव्हापासून त्याच्याजवळून उठताना मी आधी मागं हात फिरवून बघायचो.