वरण उन्हावर आहे

नागपूरच्या उन्हाचे मनापासून आभार मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मे महिन्यात अख्खं शहर डोक्याला दुपट्टा गुंडाळून सूर्याला शिव्या घालत असतं, तेव्हा मामा महाल भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर कमरेवर हात ठेवून, शेतात पीक पाहायला आलेल्या मालकासारखे समाधानाने उभे असतात. "जावई, वरून एवढं फुकट येऊन राहिलं आन् लोकं दारं लावून बसले," असं ते हळहळून सांगतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटका बसण्याइतकं तापतं, म्हणून घरातली तेलकट भांडी ते भर दुपारी स्वतः घासतात. मामी तेवढ्या वेळात झोप काढतात, त्यामुळे या काटकसरीबद्दल त्यांची तक्रार नाही.

बाकीच्या मात्र भरपूर आहेत. या घरात चादर कधी मरत नाही, तिची फक्त बदली होते. पलंगावरून ती उशीवर जाते, उशीवरून कूलरवर, कूलरवरून स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि अगदी चिंधी झाली की स्कूटर पुसायला. टरबूज आणलं की लाल भाग पाहुण्यांना, पांढऱ्या भागाची भाजी आणि बिया वाळवून मुखवासाला. पँटची इस्त्री गादीखाली होते, त्यामुळे लग्नाला जायचं असलं की मामा आदल्या रात्री कुशीवर वळत नाहीत. उड्डाणपुलाचा उतार लागला की स्कूटर बंद. एकदा मी मागे बसलो होतो, तेव्हा उतरता उतरता खाली सिग्नल लाल झाला, मग हिरवा झाला, आणि स्कूटर काही सुरू होईना. मागून हॉर्नचा गदारोळ. मामा शांतपणे किका मारत म्हणाले, "ज्याले घाई हाय त्यानं उडून जावं."

पण त्यांना कोणी चिक्कू म्हटलं तर मनाला लागतं. "चिक्कू माणूस खात नाही. मी खातो, फक्त फेकत नाही," हे त्यांचं तत्त्व. त्यांच्याकडे पानात तूप पडतं तसं माझ्या घरी सणालाही पडत नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. या तत्त्वाचं दैवत म्हणजे गच्चीवरचा सोलर कुकर. आरशाच्या झाकणाची ती काळी पेटी सकाळी उन्हात ठेवली की बारापर्यंत वरण-भात तयार. गॅस फक्त चहा, पोळी आणि फोडणीपुरता. सिलिंडरही घरात एकच. दुसरा भरून ठेवला की हात सैल होतो, असं मामांचं म्हणणं.

या सगळ्याचा फटका बसला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, अमोलला. पोरगा सालस, नोकरी पक्की, पण पस्तिशी आली तरी लग्न जमेना. मुलीकडचे गल्लीत चौकशी करायचे आणि गल्ली हसत हसत चादरीची गोष्ट सांगायची. तीन ठिकाणांहून गोड शब्दांत नकार आला. तिसऱ्या नकारानंतर मामांनी मला बाजूला घेतलं. "जावई, खरं सांगा. माह्यामुळंच पोराचं अडून राहिलं काय?" एरवी कशालाही न बधणारा माणूस त्या दिवशी अगदी लहान दिसला, आणि मला त्यांची मनापासून दया आली.

मग नागपूरजवळच्या कन्हान गावचं स्थळ आलं. मुलगी प्रणाली, हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरीला. ती आईवडिलांसह रविवारी जेवायलाच येणार होती. मामींनी बजावलं, "आज सगळं गॅसवर. तुमचा सूर्य आज राहू द्या." मामांनी मान डोलावली. पण सवय ती सवय. मामी पुरणात गुंतलेल्या पाहून त्यांनी वरण-भाताची पेटी हळूच गच्चीवर नेली. पाहुणे आले, सरबत झालं, आणि पोळ्या भाजून संपता संपता गॅस निळा, मग पिवळा, मग नाहीसा झाला. मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऐन वैशाखात आभाळ भरून आलं होतं.

मी बाहेरून जेवण मागवू म्हणालो. अमोल भिंतीकडे बघत बसला होता. मामा उठले, दोन्ही हात जोडून पाहुण्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माहीच चूक झाली. वरण उन्हावर आहे आन् ऊन गेलं. पण पोरगा माह्यासारखा नाही, त्याचा खर्चाचा हात चांगला सैल आहे." मग प्रणालीला हसू फुटलं. "काका, चला ना वर. पाहू तरी कुठवर शिजलं."

सगळी वरात गच्चीवर गेली. टाकीशेजारी चटई पडली, मामींनी कैरी चिरून तिखट-मीठ लावून आणली. ढगाला भोक पडलं की प्रणालीचे वडील पेटी फिरवायचे, मामा आरसा धरायचे, आणि दोघं उन्हाच्या कवडशामागे पोरांसारखे धावायचे. अमोल आणि प्रणाली कठड्याशी उभे राहून कितीतरी वेळ बोलले. त्याला कुठल्याही मुलीशी इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. जेवायला चार वाजले. वरणाचा दाणा जरा टणकच होता, पण कोणी पानात टाकला नाही.

संध्याकाळी कन्हानहून प्रणालीच्या वडिलांचा फोन आला. "भाऊ, दुसऱ्या घरी आमी पोहे खातो आन् पगार विचारून परत येतो. तुमच्या घरी दुपारभर बसलो. माणसं दिसली. पोरगी हो म्हणून राहिली." मामा फोन ठेवून गच्चीवर गेले आणि रिकामी पेटी घासायला बसले.

लग्नाला आता चार वर्षं झाली. मामा थकलेत, जिना चढताना मध्ये थांबतात. गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून उठून पाहिलं, तर कानटोपी घातलेले मामा ओट्याशी उभे. दोन्ही शेगड्या भडकलेल्या, एकीवर वरण, दुसरीवर भाजी. प्रणालीची कारखान्यात सकाळची पहिली पाळी, कंपनीची बस अंधारातच कोपऱ्यावर येते. मी विचारलं, "मामा, गॅस?" ते डबा भरत म्हणाले, "सूर्य उठते सातले. पोरीनं काय उपाशी जावं?" मग डब्यावर तुपाची धार धरली, झाकण लावलं आणि शाल ओढून तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत गेले.