पहिल्या पानावरची अट

दत्ताराम आमच्या वाड्यावरचा. अठ्ठावीस वर्षं बसवर कंडक्टर होता आणि त्या अठ्ठावीस वर्षांत त्याने एकच नाटक लिहिलं, ‘धाकट्याचा डोंगर’. "एकच?" असं कोणी नाक मुरडून विचारलं की माझं डोकं फिरतं. मी आमच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून मी भल्याभल्यांची नाटकं वाचली आहेत, तेव्हा मला कोणी शिकवू नये. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जत्रेला हे नाटक झालं नाही असा गाव मला दाखवा.

ते लिहिलं गेलं रागातून. गोवा राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मुंबईच्या एका लेखकाचं नाटक बसवलं होतं. दोन महिने तालमी झाल्या, पडदा रंगवून झाला, आणि जत्रेच्या तोंडावर लेखकाचं पत्र आलं की परवानगी देता येत नाही. कायद्याने त्याचं बरोबरच होतं. पण पाठ केलेली भाषणं गिळून गप्प बसणं काय असतं ते आम्हालाच ठाऊक. त्यात धाकट्या भावाचं काम दत्ताराम करणार होता.  शेवटच्या थांब्यावर बस उभी असली की तो मागच्या बाकावर बसून लिहू लागला.

काजूचा डोंगर वाट्याला आलेला धाकटा भाऊ आणि तो खाणीला विकायला निघालेला थोरला, अशी गोष्ट. बाईची भूमिका एकच, कारण नटी बाहेरून आणावी लागते हे त्याला माहीत होतं. पण खरी करामत पहिल्या पानावर होती. तिथे त्याने आपल्या वाटोळ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हे नाटक कोणीही करावे. मला विचारू नये, मानधन देऊ नये. हवे ते बदलावे, कोकणीतून केले तरी चालेल. मात्र माझे नाव सांगावे, बदललेली प्रत मला पाठवावी, आणि पुढच्याला अशीच मोकळी द्यावी.’

मराठी की कोकणी ह्या वादात माणसं एकमेकांच्या ओट्याची पायरी चढत नव्हती, ते दिवस. कोकणीवाल्यांनी विचारलं, मराठीत का लिहिलंस? मराठीवाल्यांनी विचारलं, कोकणीला वाट का दिलीस? त्याने दोघांनाही तिकीट फाडून दिलं आणि घंटी मारली.

प्रती बसमधूनच फिरत. शुक्रवारी म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीकडचा कोणीतरी बाजाराच्या पिशवीतून वही काढून त्याच्या हातात ठेवी. ती घरी आली की तो कव्हरवर तारीख घालून ट्रंकेत ठेवायचा. मूळ हस्तलिखित मात्र त्या ट्रंकेत नव्हतं. ते माझ्या हातून गेलं. तेरेखोलला प्रयोगाला जाताना फेरीबोटीत चढताना माझी पिशवी पाण्यात पडली. दत्ताराम एवढंच म्हणाला की दुसऱ्या प्रती आहेत. ती गोष्ट मला आजही खाते.

निवृत्तीनंतर त्याच्या मुलीने, तेजस्विनीने, त्या वह्या स्कॅन करून इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. तिने बापाला मुक्त परवाना समजावला: हक्क लेखकाचाच राहतो, पण नाव द्या, हवं ते बदला, पुढेही असंच मोकळं ठेवा, एवढं आधीच सांगितलं की दर वेळी परवानगी मागायला नको. जगभर माणसं असंच करतात म्हणाली. दत्तारामने चष्मा पुसला.

"ह्या तर माझाच पयला पान," तो म्हणाला. "तेंका खंय गावला?"

मग तीन-चार वर्षांनी आमच्या मंडळाला नोटीस आली. कुठल्याशा प्रकाशकाने हेच नाटक पुस्तक करून छापलं होतं, नाव वेगळं, लेखक वेगळा. आमच्या आदल्या प्रयोगाचा इंटरनेटवरचा व्हिडिओ त्याने तक्रार करून उतरवायला लावला आणि कळवलं की परवानगीशिवाय प्रयोग केल्यास कायदेशीर कारवाई होईल. जत्रा आठ दिवसांवर. आमचा सेक्रेटरी श्रीनाथ बिचारा भला माणूस. तो म्हणाला, एक अर्ज टाकू, मोकळे होऊ.

दत्ताराम खुर्चीवरून उठला. "परवानगी मागली की नाटक तेंचा झाला. मी मागूचंय नाय."

पण पुरावा काय? पुस्तकावर साल होतं दोन हजार नऊ, तेजस्विनीने नाटक चढवलं ते त्यानंतर पाच वर्षांनी. कागदावर आम्हीच चोर ठरत होतो. आणि मूळ हस्तलिखित नदीत. मी मान खाली घालून पुस्तक चाळत बसलो, आणि दुसऱ्या अंकात थांबलो. पुस्तकातला धाकटा लंगडत होता.

लंगडणं दत्तारामने लिहिलंच नव्हतं. एक्याण्णव साली कारापूरच्या मंडळात धाकट्याचं काम बाबली करायचा. प्रयोगाच्या आधी तो माडावरून पडला आणि पायाला प्लास्टर बसलं. प्रयोग रद्द करायची पद्धत आपल्याकडे नाही. बाबली तसाच उभा राहिला आणि काजूच्या झाडावरून पडलो असं सांगणारी चार वाक्यं त्याने स्वतः जोडली. लोक रडले. तेव्हापासून प्रत्येक गावाचा धाकटा धडधाकट पायांनी लंगडतो.

आम्ही ट्रंक उपसली. कारापूरची वही निघाली: बाबलीच्या हातची वाक्यं, प्रयोगाची तारीख, मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या, आणि आत प्लास्टरसकट रंगमंचावर उभ्या बाबलीचा फोटो. मला रडूच आलं. गावोगावच्या वह्यांची स्कॅन जोडून तेजस्विनी पत्र लिहायला बसली. दत्तारामने तिला थांबवलं.

"नाटक माझा, पण लंगडणा बाबलीचा. तेचा पण नाव घाल."

चौथ्या दिवशी प्रकाशकाने नोटीस मागे घेतली, माफी मागितली, आणि नाटक दत्तारामच्या नावाने छापायची परवानगी मागितली. दत्तारामने कळवलं की परवानगी सत्त्याऐंशी सालीच दिली आहे, पहिलं पान वाचावं.

जत्रेला पडदा वर जाण्याआधी मी माइकवर दोन नावं घेतली. पुढच्या रांगेत सत्तरीचा बाबली बसला होता. तो उभा राहिला, आणि टाळ्या थांबेपर्यंत त्याला बसायचं सुचलं नाही.

दोन महिन्यांनी पुस्तकाचं पार्सल आलं. नवी छपाई, दत्तारामचं नाव, खाली बाबलीचं आणि कारापूरचं, आणि पहिल्या पानावर ती अट, शब्दन् शब्द. आमचा ऊर भरून आला. कोणी म्हणालं फ्रेम करू, कोणी म्हणालं सत्कार करू. दत्तारामने पेन घेतलं, कव्हरवर त्या दिवसाची तारीख घातली, ‘बदललेली प्रत मिळाली’ असं लिहिलं, आणि पुस्तक ट्रंकेत कारापूरच्या वहीवर ठेवून दिलं.