स्पॅनिश त्रिकुटातला चौथा

मुलीचं रेकॉर्डिंग ऐन रंगात आलेलं असताना मी मोठ्यानं "क्या बात है!" म्हणालो.

अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या दिवाणखान्यात शनिवारी दुपारी दोन व्हायोलिन्स आणि एक चेलो बसले होते. एक व्हायोलिन मुलीचं, बाकी दोन वाद्यं तिच्या मैत्रिणींची. उन्हाळ्यातल्या म्युझिक कॅम्पसाठी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता आणि मध्ये कुठेही कापलेला चालणार नव्हता. गेल्या वर्षी तिला नकार आला होता. त्यामुळे घरात मिक्सरलासुद्धा बंदी होती.

वाजवायला घेतली होती अठराव्या शतकातल्या एका स्पॅनिश व्हायोलिनवादकाची रचना. मी आठवडाभर त्याचं चरित्र शोधत होतो. हाती फार लागलं नाही. माद्रिदच्या एका सरदाराच्या पदरी नोकरी आणि त्याच्या दिवाणखान्यात वाजवायला लिहिलेल्या रचना, एवढंच. स्वतः सरदारही म्हणे हौसेनं वाजवायला बसे. म्हणजे साहेबांच्या चुका सांभाळत आपलं काम सुरात ठेवायचं. मी आयटीत दुसरं काय करतो? माणूस मला एकदम जवळचा वाटला.

तर त्या रचनेच्या संथ भागात मुलीचं व्हायोलिन वर वर चढलं, एका सुरावर थबकलं आणि अलगद दुसऱ्या व्हायोलिनच्या ओंजळीत उतरलं. अशा जागेला आमच्याकडे मैफलीत कुणी गप्प बसला तर लोक त्याला बरं नाही का विचारतात. माझ्या तोंडून दाद गेली.

"बाबा!"

"सॉरी, सॉरी. परत घ्या."

दुसऱ्या वेळी मी ओठ घट्ट मिटून बसलो. पण तीच जागा आली आणि हात आपोआप मांडीवर पडला. फाडकन. चेलोवाली दचकली, तिचा गज घसरला.

"अगं, तेव्हाचे लोक ऐकता ऐकता बोलायचे, खायचे," मी इतिहास पुढे केला. "तो सरदार काय तोंडाला कुलूप लावून बसत असेल?"

"त्याला कॅम्पला ॲडमिशन नको होती, बाबा." तिचा आवाज रडवेला झाला होता. "चेलोवालीला पाचला घरचे घ्यायला येणार आहेत. लास्ट चान्स आहे."

बायकोनं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

ड्राइव्हवेत, गाडीच्या काचा वर करून मी बसून राहिलो. तिथून काहीच ऐकू येत नव्हतं, तरी अंदाजानं एकदा मान डोलावली. बऱ्याच वेळानं बायकोनं दार उघडून हाक मारली. आत मुलगी व्हिडिओ पाठवून मैत्रिणींबरोबर वड्यांवर तुटून पडली होती, म्हणजे काम फत्ते.

"कसं झालं?" मी विचारलं.

"अगदी अठराव्या शतकातल्यासारखं," बायको म्हणाली. "तेव्हा तू जन्मला नव्हतास."