नापास झालेला लोअर आर्म

त्या केसचे कागद आजही माझ्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे येतात आणि राग तेवढाच येतो. आधी स्वतःचा, मग बाकीच्यांचा. परवा फोनवर तुम्ही दोघं नातवंडं हसलात, की गाडी सर्व्हिसिंगहून आली की आजी जुना पार्ट मागून घेते आणि नवा पार्ट टॉर्च लावून बघते. त्याचं कारण लिहून ठेवते आहे. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चाकणच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी होते. एका सकाळी, शिफ्ट बदलायच्या वेळी, कंपनीचा स्टाफ नेणारी एक गाडी रस्ता सोडून फुटपाथवर चढली. ड्यूटी संपवून घरी निघालेल्या सिक्युरिटी गार्डच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बघणारे म्हणाले, गाडी जोरात होती. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, चाकच दुमडलं हो."

अपघातानंतर प्रत्येक ड्रायव्हर असंच काहीतरी सांगतो. मी त्याच्यावर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल केला. त्याला जामीन मिळाला, पण शिक्षा झाली तर तुरुंग, आणि लायसन्स कायमचं जाणार. मराठवाड्यातून आलेल्या त्या माणसाला ड्रायव्हिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

आरटीओच्या तपासणीत पुढचा लोअर आर्म तुटलेला आढळला. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा हा लोखंडी तुकडा. अहवालात शेरा होता, 'धडकेत तुटला असावा'. माझ्या दृष्टीने तपास संपला.

ड्रायव्हरच्या जबाबात मात्र एक गोष्ट होती, जी मी वाचली आणि सोडून दिली. याच आर्मसाठी त्याची गाडी सर्व्हिस सेंटरला जवळजवळ दोन महिने उभी होती. रोज एकच उत्तर, "पार्ट यायचाय." माझ्या ठाण्यासमोरून असल्याच पार्टनी भरलेले ट्रक दिवसभर देशभर जायचे आणि चिखलीत राहणाऱ्या माणसाला एक आर्म मिळत नव्हता. साध्या सर्व्हिसिंगचं बिल बघून माणूस मटकन खाली बसतो, ते वेगळंच. शेवटी तिथल्या मॅनेजरने 'बाहेरून सोय' करून दिली. पैसे रोख, पार्टची पावती नाही. गाडी रस्त्यावर आल्यापासून सहाव्या दिवशी अपघात.

पंधरा दिवसांनी त्याची बायको ठाण्यात आली. आवारात उभ्या गाडीखाली वाकून तिने तुटलेला आर्म बघितला आणि थेट माझ्या केबिनमध्ये आली. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म.

"मॅडम, तो आर्म आमच्या कंपनीचा आहे. मी नापास केलेला."

ती चाकणच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. तडा गेलेल्या मालावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हे तिचं काम. तो माल नंतर कापून भंगारात जायला हवा. एकदा ठिपका थिनरने पुसला गेला आणि नापास माल चांगल्यात मिसळला. सुपरवायझरचा ओरडा हिने खाल्ला. तेव्हापासून ती बोल्टच्या भोकात आतून लाल रंगाचा ब्रशही फिरवायची. हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी टॉर्च लावून पाहिलं. भोकात, आतल्या कडेला, लाल रंग होता.

इथे मी जी चूक केली ती आजही सलते. मी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, तुमच्या या आजीला आवडेल असं स्वच्छ इंग्रजी. तो म्हणाला, पार्ट त्या दोघांनीच आणून दिला, बाई त्याच कंपनीत आहे, डब्याच्या पिशवीतून आणला असेल. मला ते पटलं. मी कारखान्याला चौकशीचं पत्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला घरी बसवलं.

ती परत आली. रडली नाही.

"चोरायचाच असता तर चांगला नसता का चोरला, मॅडम? मीच नापास केलेला आर्म माझ्या नवऱ्याच्या गाडीला लावीन का?"

मी तिच्या डब्याची पिशवी मागितली. ती पारदर्शक प्लॅस्टिकची होती. कारखान्यात बायकांना तशीच पिशवी न्यावी लागते, गेटवर सगळं दिसलं पाहिजे म्हणून. आमच्या हवालदारांनी आर्म त्यात घालून पाहिला, तर अर्धा बाहेर.

ते म्हणाले, "मॅडम, हिच्यात मेथीची जुडी बी लपायची न्हाई."

मी मॅनेजरला पुन्हा बोलावलं. टेबलावर पिशवी आणि आर्म ठेवले आणि म्हटलं, "दाखवा, कसा आणला." त्याचं इंग्रजी संपलं.

"पार्टच मिळत नाहीत मॅडम. लोक अंगावर येतात. आम्ही सोय करतो एवढंच."

"तडा गेलेला आहे हे माहीत होतं?"

"नवीनच दिसतात हो, धुतल्यावर."

पंच घेऊन त्याच्या स्टोअरची झडती घेतली. मागच्या रॅकवर सात आर्म निघाले, नव्या खोक्यांत. सातही आर्मच्या भोकात लाल रंग. कारखान्याचं भंगार उचलणारा ठेकेदार नापास माल न कापताच त्याला विकत होता. मॅनेजर आणि ठेकेदार दोघांना अटक केली. असे आर्म आधीच आणखी अकरा गाड्यांना बसले होते. आम्ही घरोघर फिरून नऊ गाड्या थांबवल्या. दोन सापडल्या नाहीत. लोकांच्या अडचणीवर हा माणूस मरण विकत होता आणि त्याला तो सोय म्हणत होता.

मी कारखान्याला दुसरं पत्र लिहिलं, स्वतः घेऊन गेले आणि ती कामावर रुजू झाल्याचं पाहूनच परतले. ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला. तो मंजूर झाल्याचं सांगायला त्याला बोलावलं, तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली.

"त्या गार्डकाकांना तुम्ही सांगाल का? माझं ते ऐकत नाहीत."

मी युनिफॉर्ममध्येच त्याच्याबरोबर सांगवीला गेले. गार्ड खाटेवर होता, पायात सळई. सगळं सांगितलं. त्याने ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

"रोज सकाळी उठलो की याला शिव्या घालायचो, मॅडम. जबाब घेताना तुम्हीच म्हणाला होतात, याची चूक आहे म्हणून. आता कुणाला घालू?"

"थोड्या मला घाला," मी म्हणाले. ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. गार्डने त्याला हाताने खुणावून खाटेच्या कडेला बसवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

मुलांनो, वेग किती होता हे मी त्या ड्रायव्हरला निदान वीस वेळा विचारलं होतं. पार्ट कुठून आणला हे सर्व्हिस सेंटरला विचारायला मला पंधरा दिवस लागले, तेही एका बाईने गाडीखाली वाकून पाहिलं म्हणून. आणि उत्तर मिळालं तेव्हा मी शर्टाची इस्त्री बघितली. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर.