सिग्नलला पाय टेकेना

बायकोच्या सायकलची सीट मी वर केली आणि तिला ती खाली घेता येऊ नये म्हणून तिच्याशी खोटं बोललो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या सोसायटीपासून तिची शाळा फार लांब नाही. ती तिथे ऑफिसात काम करते. ई-रिक्षात गुडघ्याला गुडघे लावून बसायचा तिला कंटाळा आला, म्हणून पन्नाशीच्या तोंडावर तिने सायकल घेतली. बिनदांड्याची, पुढे टोपली असलेली. लहानपणी सांगलीत तिने सायकल चालवली होती, नंतर स्कूटी, नंतर काहीच नाही. दुकानदाराने सीट इतकी खाली बसवली होती की बसल्या बसल्या तिचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकत. सिग्नलला ती स्कूटीवर थांबावं तशी थांबायची, पाय पसरून, निवांत.

मग तिचे गुडघे दुखू लागले. मी व्हिडिओ पाहिले. सीट फार खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि त्याच्यावर ताण येतो, हे मला समजलं, आणि ते खरंच होतं. टाच पेडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ होईल इतकी सीट मी वर घेतली. गुडघ्यांचं दुखणं कमी झालं. मला फार बरं वाटलं, आपण काहीतरी शास्त्रशुद्ध केलं असं.

"अहो, पाय पोचत नाहीत," ती म्हणाली.

"चालवताना पोचतात ना?"

"चालवताना पोचतात. थांबताना काय करू, उडी मारू?"

"चवडा टेकव. सायकल जरा डावीकडे कलव. सवय होईल."

तिने सीटखालचा खटका उघडून सीट खाली घेतली, मी पुन्हा वर केली. असं दोनदा झालं. मग मी तो हाताने उघडायचा खटकाच काढला आणि तिथे किल्लीने आवळायचा बोल्ट बसवला. किल्ली माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवली. बेसमेंटमधून सीटा चोरीला जातायत, म्हणून बोल्ट लावला, असं तिला सांगितलं. एकही सीट चोरीला गेली नव्हती.

सुरुवातीला ती संध्याकाळी आल्यावर सांगायची. बस मागे येऊन उभी राहिली की इंजिनाची धग पाठीला लागते आणि टेकवलेला चवडा थरथरतो. एकदा ती कलली ती थेट शेजारच्या ई-रिक्षावर. आत बसलेल्या बाईने तिचा दंड धरला आणि म्हणाली, "दीदी, अब अंदर ही आ जाओ." हे तिने मला हसत सांगितलं. मीही हसलो. पुढे तिने सांगायचं बंद केलं, आणि मी समजलो की सवय झाली.

एका सकाळी मी मेट्रो स्टेशनला ई-रिक्षाने निघालो होतो. मोठ्या चौकात लाल दिवा होता. आमच्या पुढे गाड्यांच्या कडेने एक पिवळं हेल्मेट चाललेलं दिसलं. तीच होती. ती थांबेल म्हणून मी बघत राहिलो. ती थांबली नाही. तिने एकदा उजवीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सरळ चौकात शिरली.

उजवीकडून पाण्याचा टँकर येत होता. दिल्लीत हे टँकर कसे येतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्याचा हॉर्न लांबलचक वाजत राहिला. टँकर माझ्या आणि तिच्या मध्ये आला आणि ती दिसेनाशी झाली. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. टँकर निघून गेल्यावर रस्त्यावर खाली पाहायची माझी हिंमत होईना. मी आधी वर सिग्नलकडे पाहिलं, मग लांब, मग खाली. रस्ता ओला होता, बाकी काही नव्हतं. पिवळं हेल्मेट पलीकडच्या झाडांखालून चाललं होतं.

"मरेगी किसी दिन," माझा रिक्षावाला सहज म्हणाला.

ती माझी बायको आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

स्टेशनवरून तिला फोन केला. "पोचलीस?"

"हो. का?"

"सहज."

दिवसभर फाइलवर टिपणं लिहिताना तो हॉर्न कानात होता. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर टँकर सरकायचा आणि त्याच्यामागे काय असेल ते दिसायच्या आत मी लिहायला लागायचो. संध्याकाळी घरी आल्या आल्या ओरडलो. कॅबवाल्याने बेल्ट लावल्याशिवाय ही बाई गाडी निघू देत नाही, आणि ती लाल दिवा तोडते?

"झालं ओरडून?" ती म्हणाली. "आता ऐका. थांबले की मी पडते. चालत राहिले की पडत नाही. जिथे फुटपाथ आहे तिथे त्यावर पाय ठेवून थांबते मी. त्या चौकात फुटपाथ फोडून ठेवलाय. तिथे लांबूनच लाल दिसला की मी पेडल जोरात मारायला लागते. गर्दीत पडण्यापेक्षा निघून गेलेलं बरं वाटतं."

"आणि टँकर?"

"टँकरची भीती नंतर वाटते. पडायची आधी."

माझी बॅग समोरच्या खुर्चीवर होती, किल्ली तिच्यात होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मग रिक्षाने जात जा."

"अच्छा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्षाने जाऊ लागली. सायकल खाली बेसमेंटमध्ये उभी राहिली. माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण बायको रिक्षाने का जाते ते मला माहीत होतं आणि किल्ली अजून माझ्याच बॅगेत होती.

रविवारी मी माझी सायकल काढली आणि त्याच चौकात गेलो. माझीही सीट उंच आहे, माझीही टाच टेकत नाही. मग मी इतकी वर्षं थांबतो कसा? दिवा लाल झाला तेव्हा मी स्वतःकडे लक्ष दिलं. सायकल थांबायच्या आधीच मी एका पेडलवर उभा राहून सीटवरून पुढे उतरलो होतो आणि दुसरा पाय पूर्ण जमिनीवर होता. हे मी शाळेत असल्यापासून करत आलो असणार. करतोय हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणून तिला सांगितलंही नव्हतं.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम तिच्यासारखा सीटवर बसून राहिलो आणि चवडा टेकवला. मागे दुधाची व्हॅन येऊन थांबली. बंपर दिसत नव्हता, फक्त आवाज जवळ येत होता. चवडा घसरला, सायकल उजवीकडे, गाड्यांच्या बाजूला कलली, आणि मी शेजारच्या कारचा आरसा धरला.

"अंकल, नया सीखे हो?" कारमधल्या तरुणाने विचारलं.

दिवा हिरवा झाला तरी मला पेडल मारता येईना. मी सायकल हातात धरून कडेला नेली. ती हे रोज सोसत होती, आणि मी तिला कलव म्हणून सांगत होतो.

दुपारी तिला बेसमेंटमध्ये नेलं. तिच्यादेखत बोल्ट काढला आणि जुना खटका परत बसवला. ती बघत होती.

"चोर पकडले वाटतं," ती म्हणाली.

म्हणजे तिला कळलं होतं, कधीपासून ते मी विचारलं नाही. उतरायची रीत मी आधी करून दाखवली, मग तिने खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत करून पाहिली. ब्रेक, एका पेडलवर उभं राहणं, पुढे सरकणं, पाय खाली. सुरुवातीला ती सीटला चिकटूनच राहिली. मग एकदा जमलं, आणि ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात ब्रेकवर घट्ट धरून, पुढे काही नसताना.

"सीट किती ठेवू?" मी विचारलं.

"ते मी बघते," ती म्हणाली, आणि खटका उघडून तिने सीट थोडी खाली घेतली.

मी तिथेच, दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून बोललो. "चोरीचं खोटं होतं. तू पाय पोचत नाहीत म्हणून सांगत होतीस आणि मी सवय होईल म्हणत राहिलो. त्या दिवशी टँकर बघून आलो, किल्ली माझ्याकडे होती, तरी तुलाच ओरडलो. सिग्नल तू तोडलास, पण ती वेळ तुझ्यावर मी आणली. माझं चुकलं. मला माफ कर."