ड्रायच्या पुढचे शब्द

सरांना तहान लागली की ते आधी तिला इंग्रजी नाव देत. सकाळी उठल्यावर ती 'ड्राय' असे, डायलिसिसहून परतताना 'पार्च्ड', आणि दुपारी जीभ टाळूला चिकटली की खोबऱ्याच्या पाकिटावर छापतात तसली 'डेसिकेटेड'. बार्शीला आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस. बायको गेल्यावर परदेशात, स्कोफिल्ड्सला, मुलीकडे, मंजिरीकडे, कायमचे राहायला आले आणि इथे त्यांच्या किडन्यांनी संप पुकारला. दिवसाला पाऊण लिटरच पाणी प्यायची परवानगी, त्यातच चहा, आमटी आणि गोळ्यांबरोबरचे घोट. उरलेली तहान ते शब्दांवर भागवायला बघत.

मी त्यांची शेजारीण. मंजिरीला ऑफिस गाठावं लागे आणि मी घरून काम करत असे, त्यामुळे मंगळवारी सरांना ब्लॅकटाउनला डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, मला इंग्रजीच्या परीक्षेत आणखी मार्क हवे होते. मग काय, गाडीतच शिकवणी सुरू झाली. "पार्च्ड घसाही असतो आणि जमीनही," सर सांगत. "ॲरिड मात्र जमीनच. मला ॲरिड म्हणालीस तर मार्क कापीन."

"आणि डिहायड्रेटेड, सर?"

"तो डॉक्टरांचा शब्द. त्यात तहान नाही, नुसता रिपोर्ट आहे."

त्यांची दहा वर्षांची नात रिया या सगळ्याला वैतागायची. "आजोबा, जस्ट से यू आर थर्स्टी!" म्हणायची. सर शांतपणे सांगत, "बाळा, पाणी मिळणार असतं ना, तेव्हा माणूस थर्स्टी असतो." आम्ही सगळे हसायचो. तेव्हा ते विनोदासारखंच वाटायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कुणी भांडी विसळायला लागलं की सर काही ना काही निमित्त काढून किचनमध्ये येत आणि नळाकडे बघत उभे राहत. "क्वेंच," एकदा म्हणाले. "तहानही त्याच शब्दाने भागवायची आणि आगही त्यानेच विझवायची. इंग्रज भलता काटकसरी." मी नळ बंद केला तरी ते जरा वेळ तिथेच होते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि ती खोड घरीही सुटत नाही. एकदा सर बाथरूममध्ये चूळ भरत होते. खळखळ ऐकू आली, थुंकल्याचा आवाज काही आला नाही. मी दार वाजवलं. "सर, गिळलंत ना?" बाहेर आले ते कॉपी करताना पकडल्यासारखे, मान खाली घालून. "एकच घोट होता गं." तो एक घोटसुद्धा मी मंजिरीला सांगितला. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे," ती म्हणाली. मला केवढा अभिमान वाटला होता.

फेब्रुवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या, उकाड्यात सर एकदम खचले. हृदय थकलं होतं, डायलिसिस सोसेना. एका मंगळवारी सकाळी मंजिरीचा फोन आला. आवाज बसलेला. "आज न्यायचं नाहीये त्यांना. तू फक्त जवळ बसशील? मी ऑफिसला जाऊन रजेचं बघून येते, दोन तासांत." मला वाटलं, वेळ बदलली असेल. मी काही विचारलं नाही, आणि तीही पुढे काही बोलली नाही.

सर पलंगावर पडून होते. ओठ फाटलेले. मी नेहमीसारखं म्हटलं, "काय सर, आजचा शब्द?"

"शब्द राहू दे. ग्लासभर पाणी दे मला. गार. काठोकाठ भरून."

"सर, तुम्हाला माहीत आहे ना..."

"माहीत आहे. तरी दे."

"मंजिरी आली की विचारू या. एवढं थांबा." मी कापसाचा बोळा ओला केला, नीट पिळला आणि त्यांच्या ओठांवरून फिरवला. ते बोळा दातांनी धरायला बघत होते, मी काढून घेतला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मंजिरी परतायच्या आतच ते गेले.

पंधराएक दिवसांनी मी तिच्याकडे गेले होते. ती सरांची औषधं पिशवीत भरत होती, फार्मसीत परत द्यायला. हात थांबवून म्हणाली, "एक विचारायचं राहिलंच. बाबा त्या दिवशी पोटभर पाणी प्यायले ना गं? आदल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, डायलिसिस थांबवू या, आता त्यांना हवं ते, हवं तेवढं देत जा. मला ते कुणाशी बोलवतच नव्हतं, तुझ्याशीही नाही. म्हटलं, बाबा मागतीलच, आणि तू काय नाही म्हणणार आहेस?"

मी एक औषधाची बाटली उचलून तिच्या पिशवीत टाकली.

"हो," मी म्हणाले. "दोन ग्लास प्यायले."